पांढऱ्या गोळीचे अठरा दिवस

माझे सासरे मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशावर उतरवायच्या, भांडणाऱ्या भावाभावांच्या मधे दगड रोवून द्यायचे, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर ते पुंडलिकनगरच्या आमच्या घरी राहायला आले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, तसं मीही म्हणायचे. पण म्हणण्याइतकंसुद्धा आमचं बोलणं नव्हतं. "मामा, चहा ठेवू का?" "ठेव." "भाजीत मीठ बरोबर आहे का?" "हाय." लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि एवढ्यावर आमचं दोघांचं नीट चाललं होतं.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल सांगते आहे, तो सलग तिसऱ्या दुष्काळाचा होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. धरणातलं पाणी तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूकडून वाढत चाललेलं. नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी, कधी आठव्या दिवशी यायचं. आमच्या गल्लीत वाढदिवस लक्षात नसले तरी पाण्याचा दिवस सगळ्यांच्या तोंडी असायचा.

त्याच्या दोन वर्षं आधी मामांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. तोंड वाकडं झालं, डावा हात काही तास लुळा पडला, आणि मग जसं आलं तसं गेलं. तपासण्यांत निघालं की हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यामुळं आत रक्ताची गुठळी होते. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, जन्मभरासाठी. तिचं प्रमाण ठरवायला महिन्याला रक्त तपासायचं. त्या तपासणीला आयएनआर म्हणतात. आकडा दोन आणि तीनच्या मधे राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. नवरा वाळूजला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळं मामांना औरंगपुऱ्यातल्या प्रयोगशाळेत न्यायचं काम माझ्याकडं होतं. माझी नोकरीही तिथंच, एका शाळेच्या कार्यालयात. आधी मामांचं रक्त द्यायचं, त्यांना घराकडं जाणाऱ्या रिक्षात बसवायचं आणि मग मी शाळेत जायचं, असा आमचा क्रम होता.

त्या वर्षी माघ सरता सरता मामांचे खांदे आखडले. सुरुवातीला त्यांनी सांगितलं नाही. मला दिसलं ते इतकंच की सकाळी ते खाटेच्या काठावर बसून राहतात. अर्धा अर्धा तास. मग कमरेवर हात दाबत उठतात. पुढं हात डोक्यापर्यंत जाईना. भांग पाडता येईना. नवऱ्याची पहिली पाळी असली की तो पहाटेच कंपनीच्या बसनं जायचा, आणि सदरा घालायला मामांना दुसरं कुणी नसायचं. एका सकाळी त्यांनी खोलीतून हाक मारली, "बाई, जरा ये." एक हात बाहीत गेलेला, दुसरा मागं अडकलेला. मी बाही पुढं ओढून दिली, गुंड्या लावल्या. ते भिंतीकडं बघत होते, मी गुंड्यांकडं. त्यानंतर महिनाभर ते नेहमीचं झालं, पण आम्ही दोघांनीही त्यावर एक शब्द काढला नाही.

औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणावी तर ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तेल चोळून झालं, शेकून झालं. शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी हात वर करायला लावले, रक्त तपासून घेतलं आणि म्हणाल्या, "खांद्यांच्या आणि कमरेच्या भोवती सूज आहे आतून. या वयात होतं असं. याला स्टेरॉइड लागेल."

मामांनी विचारलं, "ते पैलवान घेतात ते?"

"ते वेगळं. हे सुजेवरचं. दोन-तीन दिवसांत तुम्हाला फरक जाणवेल." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पण नीट ऐका. या गोळीनं त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर वाढू शकतो. पोटातून रक्त जायचीही भीती असते. म्हणून बरोबर पोटाची गोळी देते आहे. रिकाम्या पोटी काही घ्यायचं नाही. आणि सहाव्या दिवशी आयएनआर. महिन्यानं नाही, सहाव्या दिवशी. शौचाला काळं झालं, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर दिवस मोजत बसू नका, फोन करा."

त्यांनी कागदावर तारीख लिहिली आणि तिच्याभोवती गोल केला. मी तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला.

गोळी लहान होती, पांढरी. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर चहा उकळत होता आणि मामा ओट्याशी उभे होते. सदरा घातलेला, गुंड्या लावलेल्या, भांग पाडलेला.

"तुम्ही उठलात कधी?"

"चारलाच झोप उडाली. पडून काय करू? तुझ्यासाठी बी टाकलाय." आणि त्यांनी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा हात उंच करून काढला. काढल्यावर तो डबा हातात धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हसले नाहीत, पण डबा जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

तिथून आमच्या घराचं रूपच बदललं. मामांना भूक लागायला लागली. सकाळी दोन भाकरी, वर ठेचा, दुपारी पुन्हा काहीतरी. अंगणातले ड्रम त्यांनी घासले, गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसवलं. आणि ते बोलायला लागले. मी पोळ्या करत असले की स्टूल ओढून दारात बसायचे.

"हे तुझं स्वयंपाकघर हाय ना, इथनं बांध जात व्हता," एकदा म्हणाले. "गारखेड्याचं शिवार हे. तुझा ओटा बरोबर बांधावर. त्या खोलीत ज्वारीचं रान."

"तुम्ही मोजलंय हे?"

"व्हय तर. दोनदा. एकदा भावकीसाठी, एकदा प्लॉट पाडताना. दुसऱ्यांदा मोजलं तवा रान उभं व्हतं. कणसं भरलेली. मालक म्हणला, साहेब, काढणीपर्यंत थांबा. पण घेणारे थांबायला तयार नव्हते."

सासूबाईंबद्दलही बोलले. मोजणीसाठी पंधरा पंधरा दिवस बाहेर राहून ते घरी आले की त्या अर्धा दिवस त्यांच्याशी बोलत नसत. मामा मग ओसरीवर बसून पेन्सिलींना टोक काढत राहायचे. "सगळ्या पेन्सिली संपल्या की ती पाणी घेऊन यायची," ते म्हणाले. मी पोळी तव्यावर विसरले. बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचा उल्लेख ऐकला नव्हता.

सहाव्या दिवशी, शनिवारी, सकाळी सात वाजता आम्ही दोघं निघायच्या तयारीत होतो, आणि नळाला पाणी आलं. ते दुसऱ्या दिवशी यायचं होतं. धार करंगळीएवढी. घर सोडलं तर पुढचे सहा-सात दिवस कोरडे. नवरा कामावर. मी मोटार लावली, पाइप ड्रममधे सोडला आणि मामांना म्हटलं, "आज राहू द्या. सोमवारी जाऊ."

मामा म्हणाले, "सोमवारी जाऊ. कुठं पळून चाललंय."

सोमवारी शाळेत निकालाची कामं निघाली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना लवकर बोलावलं होतं. गुरुवारी जाऊ असं ठरलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला तपासणीची घाई वाटतच नव्हती. समोर माणूस ठणठणीत दिसत होता. इतकी वर्षं मी शाळेची हजेरीपुस्तकं सांभाळली, एका दिवसाचीही नोंद राहिली तर मला चैन पडत नाही. फ्रिजवरचा तो गोल मात्र रोज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी फ्रिजमधून दूध काढत होते, दार लावत होते.

गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी शेजारचा माणूस आमच्या घरापुढच्या ओट्यावर येऊन बसला होता. तोही वाळूजलाच कामाला, नवऱ्याच्याच बसनं जाणारा. गल्लीतल्या बोअरला पाणी राहिलं नाही, टँकर दोन दिवस आला नाही, अशी चर्चा चालली होती. मामा ऐकत होते. मधेच म्हणाले, "अरे, विहीर काय झाली?"

"कुठली विहीर?"

"हे सगळं रान जिच्यावर भिजायचं ती. नकाशात म्या स्वतः दाखवलीय."

शेजाऱ्याला वाटलं म्हातारा भरकटला. पण मामा उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. गल्ली संपते तिथला कडुनिंब, मग एक मोकळा प्लॉट, त्यात कमरेएवढी बाभळीची झुडपं आणि गल्लीनं टाकलेला कचरा. कडुनिंबापासून त्यांनी पावलं मोजली. मोजताना त्यांचं पाऊल बदललं, लांब आणि एकसारखं पडायला लागलं. झुडपांपाशी थांबून म्हणाले, "इथं खणा."

दुसऱ्या दिवशी गुरुवारी मामांना बोलवायला सकाळीच सात-आठ माणसं दारात. औरंगपुऱ्याला जायचं राहिलं. मीच म्हटलं, "जा तुम्ही, आपण शनिवारी बघू." मला अभिमान वाटत होता, तो मी लपवू शकत नव्हते. दुपारपर्यंत कचऱ्याखाली फरशा लागल्या, फरशांखाली दगडी कठडा. पुढचे पाच-सहा दिवस गल्लीतली माणसं पाळीपाळीनं गाळ काढत होती आणि मामा उन्हात कठड्याशी उभं राहून सूचना देत होते. शनिवारही त्यातच निघून गेला. लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला उपरणं. मी डब्यात भाकरी आणि ताक घेऊन जायची. "सावलीत बसा," म्हणायची. "नाय, इथूनच दिसतं," म्हणायचे.

एवढ्या उन्हात लांब बाह्या कशासाठी, हे मी विचारलं नाही.

गोळी सुरू झाल्याच्या अठराव्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज आला. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "काय नाय, घेरी आली," म्हणाले. मी हाताला धरून उठवायला गेले तेव्हा बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत हात निळा-काळा पडला होता. काही डाग ताजे, काही पिवळे पडत चाललेले. म्हणजे आठवड्यापासूनचे.

"मामा, शौचाला काळं होतंय का?"

ते पडलेली बादली सरळ करायला लागले.

"मामा."

"परवापासून."

नशिबानं नवरा आणि शेजारी दोघंही दुसऱ्या पाळीचे, घरी होते. त्यांनी मामांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांची नाडी धरून बसले होते, जणू मला त्यातलं काही कळतं. आयएनआर सातच्या वर निघाला. रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन दिलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा पोटाच्या अस्तरातून जागोजाग रक्त पाझरताना दिसलं. मोठी जखम नव्हती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वेळेत आणलंत." त्या हे चांगल्या भावनेनं म्हणाल्या, पण मला ते ऐकवेना.

नवरा चिडला होता. माझ्यावर नाही, मला तर त्यानं एक शब्दही सुनावला नाही, तर त्या गोळीवर. "ती पांढरी गोळी आजपासून घरात नको," तो डॉक्टरांना म्हणाला.

"एकदम बंद करायची नाही," त्या म्हणाल्या. "आखडणं परत येईल, आणि शरीरालाही ते झेपत नाही. रक्त पातळ करायची काही दिवस थांबवते, आकडा खाली आला की कमी प्रमाणात पुन्हा सुरू करू. स्टेरॉइड हळूहळू उतरवू. त्यांना दोन्ही लागणार आहेत. दोन्ही गोळ्या आपलं काम करत होत्या हो. मधे तपासणी नव्हती, एवढंच."

मी तिथंच उभी होते. फ्रिजवरच्या कागदाची गोष्ट मी अजून नवऱ्याला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितली. तारीख कशी एकदा, दोनदा, तीनदा पुढं गेली, ते सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मलाही दिसत होता की तो कागद." आणि आम्ही आत गेलो.

तिसऱ्या दिवशी मामा उशीला टेकून बसले. मी मऊ भात भरवत होते. हात हलत होते त्यांचे, पण सुई लावलेली होती. खोलीत आम्ही दोघंच.

"मामा, चूक माझी आहे. तपासणीची तारीख मी पुढं ढकलली."

त्यांनी घास गिळला. "तारीख मला बी माहीत व्हती."

"तुम्हाला आठवण करून देता आली असती, पण घरात मीच ते बघते."

"बाई, आठवण व्हती. म्या बोललो नाय." ते खिडकीकडं बघत होते. "डाग उठले तवाच कळलं, आकडा वर गेला असणार. मग वाटलं, तपासलं की गोळी काढून घेतील. परत सकाळी तू बाही ओढणार." थोडं थांबून म्हणाले, "अजून आठ दिवस मिळाले तर विहिरीचं काम व्हईल, असा हिशोब केला."

मी चमच्यानं भात सारखा करत राहिले. मला वाटत होतं की बाही ओढण्याचं मला काही वाटत नाही हे त्यांना माहीत असेल. त्यांना माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. आणि त्यांना काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की या गोळीनं काही जणांची झोप कमी होते, मन उल्हसित होतं, माणूस जास्त बोलतो. ते ऐकल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. ओट्याखालचा बांध, पेन्सिली, सासूबाई, ते सगळं बोलणं गोळीचं होतं का? मला सासरे मिळाले असं मी समजत होते, ते औषधाच्या डब्यातून आले होते का? शेवटी मी विचारलंच.

"तुम्ही मला ते सगळं सांगत होतात ना, ते..."

"त्याचं काय?"

"ते खरं होतं ना?"

मामांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्यांना माझा प्रश्न कळला की नाही, मला आजही सांगता येत नाही. "व्हय," ते म्हणाले. "बांध तिथंच व्हता."

त्याच दिवशी दुपारी शेजारी भेटायला आला. विहिरीला पाणी लागलं होतं. मचूळ, पिण्याजोगं नाही, पण भांडी आणि संडासापुरतं चालणारं. गल्लीनं दोर-बादल्या बांधल्या होत्या. महिना-सव्वा महिना ते पाणी पुरलं. मामांनी किती हात खोल आहे ते विचारलं, शेजाऱ्यानं सांगितलं, आणि मामा म्हणाले, "मग अजून गाळ हाय खाली."

मामा घरी आले तेव्हा बरेच उतरले होते. चेहरा मात्र गोल, फुगल्यासारखा. तोही गोळीचाच परिणाम, पुढं ओसरला. स्टेरॉइड दर महिन्याला थोडं थोडं कमी होत गेलं. त्यासोबत तो उत्साहही गेला. सकाळी पुन्हा ते खाटेच्या काठावर बसायला लागले, अर्धा तास नाही, पण दहा मिनिटं. हात खांद्यापर्यंत जायचा, वरच्या फळीपर्यंत नाही. साखरेचा डबा मी खाली आणून ठेवला. स्टूल दारात यायचं थांबलं. पोळ्या करताना मला मागं वळून पाहायची सवय लागली होती, ती जायला बरेच दिवस लागले.

दवाखान्यातून आल्यावर तपासणी मात्र आठवड्याला होती, मग पंधरा दिवसांनी. पाण्याचा दिवस असला तरी जायचं. अशा वेळी शेजारीण आमचे ड्रम भरून ठेवायची. मी तिला पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा ती म्हणाली, "एवढंच ना? आधी का नाय बोललात?" मदत मागितली असती तर पहिल्याच शनिवारी मिळाली असती.

रिक्षात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. औरंगपुऱ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं, गर्दी असली तर जास्त. पहिल्या काही खेपा गप्प गेल्या. एकदा एका नव्या इमारतीसमोर रिक्षा अडकली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "इथं काय होतं मामा?"

ते वाकून इमारतीकडं बघायला लागले.

"मोसंबीची बाग," म्हणाले. "दोघा बहिणींची. मोजणी करायला गेलो तर दोघी दोन टोकाला उभ्या. मला म्हणल्या, भाऊ, मधे दगड रोवू नका, नुसतं कागदावर लिहा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कागदावर लिहिलं."

रिक्षा हलली. दर खेपेला एखादी अशी गोष्ट यायची, दोन-चार वाक्यांची. काही खेपांना यायची नाही. घरी आल्यावर आम्ही पुन्हा आपापल्या जागी. मी चहा ठेवू का विचारायची, ते ठेव म्हणायचे. ते अजून चार वर्षं जगले. रक्त पातळ करायची गोळी शेवटपर्यंत चालू होती, स्टेरॉइड एका लहानशा तुकड्यावर आलं होतं. ते गेले ते ना गुठळीनं, ना रक्तस्रावानं. थंडीत छातीत कफ झाला, आणि पाच दिवसांत गेले.

त्यांना आवडलेले दिवस कोणते, हे मला माहीत आहे. आधी कळलं असतं तर ते दिवस मी त्यांना दिले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. तपासणी चुकवणं चूकच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. मोसंबीच्या बागेतल्या त्या दोन्ही बहिणी पुढं बोलल्या का एकमेकींशी, हे मी शेवटच्या एका खेपेला त्यांना विचारलं होतं. रिक्षातून उतरता उतरता ते माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, "ते काय मला ठाऊक नाय, बाई. तू सांभाळून उतर, पायरी उंच हाय."